उरलेली कोण आणि जेवणारा कोण?

२००७ सालच्या ऑगस्ट महिन्यात चीनच्या शिक्षण मंत्रालयाने चिनी भाषेत नव्याने रूढ झालेल्या १७१ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत 'शंग-न्यू' हा एक शब्द होता. 'न्यू' म्हणजे स्त्री. 'शंग' म्हणजे उरणे. जेवणे आटोपल्यावर भांड्याच्या तळाशी जो भात राहतो त्यालाही चिनी माणूस हाच शब्द लावतो. विशी ओलांडून पुढे गेलेली, शिकलेली, शहरात नोकरी करणारी आणि अद्याप अविवाहित असलेली स्त्री म्हणजे 'शंग-न्यू'. मराठीत सांगायचे तर उरलीसुरली.

हा शब्द मंत्रालयाने घडवला नव्हता. इंटरनेटवरच्या गप्पांत तो आधीच फिरत होता. परंतु सरकारी यादीत जागा मिळाल्यावर थट्टेच्या शब्दाला वजन आले. स्त्रियांच्या हितासाठी असलेल्या अखिल चीन महिला महासंघानेही तो उचलला आणि सत्तावीस वर्षांवरील अविवाहित स्त्रिया अशी त्याची व्याख्या रूढ झाली. २०११ साली आंतरराष्ट्रीय महिला दिन उलटतो न उलटतो तोच, या महासंघाच्या संकेतस्थळावर अशा स्त्रियांना सहानुभूतीची गरज नाही असे बजावणारा एक लेख झळकला. पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. यांच्या मागे धावणाऱ्या मुलींचे मोल वयाबरोबर उतरत जाते, जसा मोती जुना झाला की पिवळा पडतो, असा त्या लेखाचा आशय होता. पिवळा पडलेला मोती ही चिनी भाषेतील फार जुनी उपमा. तिला त्या दिवशी नवे काम मिळाले.

चीनमधील तरुणाई प्रेमाविषयी कोणत्या भाषेत बोलते याची आपल्याला उठाठेव कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांलाही प्रथम तसे वाटले होते. परंतु या बोलीतील एक शब्द सीमा ओलांडून आपल्या दारापर्यंत आला आहे आणि त्याने घरे उद्ध्वस्त केली आहेत. त्याच्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी हे पाहिले पाहिजे की तो शब्द एकाएकी जन्मला नाही. त्याच्या मागे शब्दांचे एक मोठे कुटुंब आहे.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन विचारवंतांनी १९८० साली एका ग्रंथात असे मांडले की, रूपक हा केवळ कवीचा अलंकार नसून आपल्या रोजच्या विचाराची ती चौकट असते. प्रेमाला प्रवास म्हटले की वाट चुकणे, सोबत सुटणे, वळण येणे हे सारे आपोआप बोलण्यात येते. आम्ही त्यात एक गोष्ट जोडू इच्छितो. प्रत्येक रूपकात जसे कोणीतरी दिसते, तसे कोणीतरी लपलेलेही असते. स्त्रीला 'उरलेली' म्हटले की तिचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु उरली म्हणजे कोणीतरी जेवून उठले असले पाहिजे. तो जेवणारा कोण? त्याला ताट कोणी वाढले? या शब्दाने तो प्रश्नच मिटवून टाकला आहे. जेवणारा अदृश्य होतो आणि अन्नाला मात्र लाज वाटू लागते.

या शब्दाभोवती इंटरनेटवर जे विनोद रचले गेले ते चिनी भाषेच्या एका वैशिष्ट्यावर उभे आहेत. त्या भाषेत एकाच उच्चाराची अनेक अक्षरे असतात. 'उरणे', 'जिंकणे' आणि 'ऋषी' या तीनही अर्थांची अक्षरे 'शंग' अशीच, त्याच सुरात उच्चारली जातात. मग वयाप्रमाणे श्रेण्या पाडल्या गेल्या. पंचवीस ते सत्तावीस वयाच्या स्त्रीला एका गाजलेल्या जपानी चित्रकथेतील योद्ध्यांच्या नावावर कोटी करून नाव दिले. तिशीपर्यंतच्या स्त्रीला पिझ्झा हट या उपाहारगृहाच्या चिनी नावातील अक्षर बदलून 'नक्की उरणारी पाहुणी' म्हटले. पस्तिशी ओलांडलेलीला तर थेट वानरराज सुन वुखोंगची पदवी बहाल केली. स्वर्गाच्या तोडीचा महर्षी असे बिरुद मिरवणाऱ्या त्या वानराच्या नावातला 'ऋषी' काढून तेथे 'उरलेली' बसवली. हसू येते हे खरे. पण वर्गवारी कशाची चालली आहे ते पाहावे. बाजारात माल किती दिवस पडून आहे, त्यावर त्याची प्रत ठरते.

काही स्त्रियांनी हेच हत्यार उलटे फिरवले. उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले आणि स्वतःला 'जिंकलेली स्त्री' म्हणवून घेतले. बोलताना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. फरक लिहिल्यावरच कळतो. इंटरनेटवरचे बोलणे हे मुळात लिहिणे असल्यामुळे ही युक्ती तेथे साधली. घरात आईच्या तोंडून आलेल्या शब्दाला असे उलटवता येत नाही.

येथे आकड्यांचा एक विरोधाभास आहे. २०२० सालच्या जनगणनेनुसार चीनमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे ३ कोटी ४९ लाखांनी अधिक आहेत. एक मूल धोरणाची साडेतीन दशके आणि मुलाचा सोस यांतून गर्भातच मुलींची संख्या घटली. म्हणजे हिशेबाने पाहता उरणार ते पुरुष. मग 'उरलेली' हे बिरुद स्त्रीला का? कारण उरलेला पुरुष खेड्यात आहे, गरीब आहे आणि त्याच्याविषयी शहरातील वृत्तपत्रे फारशी लिहीत नाहीत. स्त्रीने आपल्याहून वरच्या घरात द्यावे-जावे या रूढीमुळे पहिल्या प्रतीचा पुरुष दुसऱ्या प्रतीच्या स्त्रीशी, दुसऱ्या प्रतीचा तिसऱ्या प्रतीच्या स्त्रीशी असा विवाह करतो, आणि शेवटी सर्वांत वरची स्त्री व सर्वांत खालचा पुरुष राहतात, असे तेथील लोकच समजावून सांगतात. या दोघांची भेट कधी होत नाही. त्या पुरुषासाठीचा शब्द जुना आहे : 'क्वांग-क्वुन', उघडी काठी. ज्या फांदीला पालवी नाही, ज्या वंशवृक्षाची वाढ तेथे थांबली, ती फांदी. त्यालाही अन्नाची उपमा मिळाली नाही. तो वाळलेले लाकूड आहे, कोणाच्या ताटातला घास नाही.

काठीवरून आठवले. १ हा आकडा उघड्या काठीसारखा दिसतो म्हणून चार एक एकत्र येतात तो ११ नोव्हेंबर हा दिवस अविवाहितांचा दिवस ठरला. १९९०च्या दशकात नानजिंग विद्यापीठातील मुलांनी हे खूळ सुरू केले असे सांगतात. २००९ पासून अलिबाबा कंपनीने त्या दिवशी मालावर सवलत देण्यास आरंभ केला आणि आज तो जगातील सर्वांत मोठ्या खरेदी-उत्सवांपैकी एक आहे. एकाकीपणाचे इतके चोख रोकडीकरण दुसऱ्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

बाजार हे रूपक तर तेथे अक्षरशः जमिनीवर उतरले आहे. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये दर शनिवारी-रविवारी आईवडील आपल्या मुलामुलींची माहिती लिहिलेले कागद घेऊन जमतात. उघडलेल्या छत्र्यांवर ते कागद चिकटवलेले असतात : जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, शहराचा रहिवास-दाखला, स्वतःचे घर आहे की नाही. मुले-मुली सहसा तेथे नसतात. अनेकांना आपला कागद तेथे लागला आहे हेही ठाऊक नसते. २०१६ साली एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने याच बागेत अविवाहित मुलींची हसरी छायाचित्रे आणि त्यांनी आईवडिलांना उद्देशून लिहिलेले शब्द लावले, त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ती पाहून अनेकांचे डोळे पाणावले. क्रीमही खपले असणार.

बाजारात एकदा उभे राहिले की भाषा बाजाराची होते. ज्याच्याकडे आज काही नाही पण उद्या असेल असा तरुण म्हणजे 'वाढीची शक्यता असलेला शेअर'. सरकारच्या परवडणाऱ्या घरांच्या योजनेवरून साध्या, भरवशाच्या, मध्यम पगाराच्या नवऱ्याला 'परवडणारा पुरुष' हे नाव पडले. घर, गाडी, अंगठी, समारंभ यांपैकी काहीही नसताना केलेले लग्न म्हणजे 'उघडे लग्न'. या नावाची दूरचित्रवाणी मालिका २०११ साली फार गाजली. आधी २०१० साली जोड्या जुळवण्याच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात, सायकलवर फिरायला येशील का असे विचारणाऱ्या मुलाला एका स्पर्धक तरुणीने बीएमडब्ल्यूत बसून रडणे आपल्याला अधिक पसंत आहे असे उत्तर दिले, तेव्हा देशभर गदारोळ उठला आणि सरकारने अशा कार्यक्रमांवर बंधने घातली. त्या मुलीवर शिव्यांचा पाऊस पडला. तिने मात्र छत्रीवरच्या कागदांवर आईवडील जे सभ्य भाषेत लिहीत होते तेच मोठ्याने म्हटले होते.

जुन्या चिनी भाषेत प्रेमाची रूपके निराळी होती. चंद्राखाली बसलेला म्हातारा दोघांच्या पायांना अदृश्य लाल दोरा बांधतो आणि मग ती दोघे कितीही दूर असली तरी एकत्र येतात. वर्षातून एका रात्री पक्षी आकाशगंगेवर पूल बांधतात आणि गुराखी व विणकरी कन्या भेटतात. मत्सर वाटणे याला आजही 'व्हिनेगर पिणे' म्हणतात. थांग घराण्याच्या सम्राटाने एका मंत्र्याला उपस्त्री देऊ केली. मंत्र्याची पत्नी ऐकेना. सम्राटाने विषाचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि संमती किंवा मृत्यू यांतून निवड असे सांगितले. तिने पेला एका घोटात संपवला. त्यात व्हिनेगर होते. दंतकथा असेल, परंतु या रूपकात स्त्री हे अन्न नव्हे, ती पिणारी आहे.

तरी जुने ते सारे सोने असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. त्याच भाषेत लग्न करून दिलेली मुलगी म्हणजे ओतून टाकलेले पाणी होते. आमच्याकडे ती परक्याचे धन होती, आणि लग्न लांबलेली ती घोडनवरी. आपल्या सुशिक्षित घरांतही 'स्थळ आले', 'मुलगी खपत नाही' हे शब्द आम्ही या कानांनी ऐकले आहेत, आणि ते बोलणारी माणसे वाईट नव्हती.

स्मार्टफोन आल्यावर चिनी तरुणांच्या बोलण्यात पशू शिरले. अविवाहित तरुण स्वतःला 'एकटे कुत्रे' म्हणवू लागला. दुसऱ्या जोडप्याने आपल्या प्रेमाचे जाहीर प्रदर्शन केले की ते 'कुत्र्यांना खाऊ टाकतात'. ही थट्टा आम्हांला फारशी खुपत नाही. बोलणारा स्वतःलाच हसतो आहे आणि कुत्र्यांची ती जमात मोठी असल्यामुळे त्यात एक प्रकारची सोबतही आहे. पुढची पायरी वेगळी आहे. ज्याला कोणी विचारत नाही तरी जो निरोपांवर निरोप पाठवीत राहतो तो 'चाटणारे कुत्रे'. जिला किंवा ज्याला दुसरे कोणी न मिळाल्यास उपयोगी म्हणून ताटकळत ठेवले आहे ते 'जादा चाक'. आपल्याकडे त्याला स्टेपनी म्हणतात, आणि आपल्या बोलीतही ते चाक माणसांसाठी वापरले गेले आहे हे वाचकांना ठाऊक आहे. जो एकाच वेळी अनेकींना झुलवत ठेवतो तो 'समुद्राचा राजा'. २०१८ साली चीनमध्ये झळकलेल्या 'अ‍ॅक्वामॅन' या चित्रपटाचे हे चिनी नाव. त्याच्या ओळखीतल्या मुली म्हणजे मासे, त्याचा फोन म्हणजे तळे, आणि रोज प्रत्येकीला एखादा गोड निरोप पाठवणे म्हणजे मासे पोसणे. (सर्वच मुलींशी सारख्याच जिव्हाळ्याने वागणाऱ्याला 'मध्यवर्ती वातानुकूलन' म्हणतात, हे मात्र ज्याने शोधले त्याला दाद दिलीच पाहिजे.)

जादा चाक म्हटले की गाडी कोण चालवीत आहे हे विचारावे. तळे म्हटले की काठावर कोण बसला आहे हे पाहावे. या नव्या शब्दांची एक बरी बाजू अशी की लपलेला माणूस निदान दिसू लागला. 'समुद्राचा राजा' हे नाव मुलींनी त्याला ठेवले, निंदेसाठी ठेवले. 'उरलेली' या शब्दात जेवणारा अदृश्य होता. येथे मासेमाराला नाव मिळाले.

अलीकडे तर या मुलींनी बाजाराचा गल्लाच आपल्याकडे ओढून घेतला आहे. वाईट वागणाऱ्या मित्राला सोडून देण्याचा सल्ला 'वेळीच तोटा थांबव' असा दिला जातो. हा शेअर दलालाचा शब्द आहे. आजवर त्याच्यावर घालवलेली वर्षे म्हणजे 'बुडीत खर्च'. प्रेमात विवेक हरवलेलीला 'प्रेमबुद्धी' म्हणतात आणि तिला वांग पाओछ्वानची आठवण करून देतात. वांग पाओछ्वान ही जुन्या नाटकांतील मंत्रिकन्या. गरीब नवऱ्यासाठी तिने माहेर सोडले, तो युद्धावर गेल्यावर अठरा वर्षे एका पडक्या गुहेत रानभाज्या खणून खाल्ल्या. तो परतला तो दुसरी राणी करून. शतकानुशतके ही कथा पातिव्रत्याचा आदर्श म्हणून रंगभूमीवर होत होती. २०२२ च्या सुमारास तरुणींनी तिची टर उडवायला आरंभ केला. 'रानभाज्या खणायला निघालीस का?' एवढे विचारले की मैत्रिणीला इशारा पोचतो.

या इशाऱ्याची गरज आम्हांला कळते. मारहाण सोसणारीला सहनशीलतेचे गोडवे ऐकवण्यापेक्षा 'तोटा थांबव' हे शब्द तिचा जीव वाचवू शकतात. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या बाजारात ती माल होती त्याच बाजारात आता ती गुंतवणूकदार झाली. बाजार उठला नाही. ज्याला सोडायचे तोही मग शेअरच. अठरा वर्षे वाट पाहणारी हास्यास्पद ठरली, परंतु अठरा दिवस वाट पाहणेही मूर्खपणाचे ठरू लागले तर कोणावर विश्वास कसा बसावा? चीनमध्ये २०१३ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक जोडप्यांनी विवाहाची नोंद केली होती. २०२४ साली ती संख्या ६१ लाखांवर आली. घरांच्या किमती, नोकरीचे तास, तरुणांची घटती संख्या ही त्याची मोठी कारणे आहेत. शब्दांनी लग्ने मोडत नाहीत. परंतु ज्यांनी बाजारभाव पाहूनच एकमेकांकडे बघायला शिकले, त्यांना भाव पडल्यावर थांबण्याचे कारण सापडत नाही.

आता त्या शेवटच्या शब्दाकडे. 'शा-चू-फान', डुकराच्या कत्तलीचा डाव. इंटरनेटवर ओळख काढायची, आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने प्रेमाच्या गप्पा मारायच्या, लग्नाची स्वप्ने दाखवायची, मग एखाद्या खोट्या गुंतवणूक योजनेत पैसे घालायला लावायचे आणि सर्वस्व लुटून नाहीसे व्हायचे. हे नाव भामट्यांनीच दिले. फसवली जाणारी व्यक्ती म्हणजे डुक्कर. ज्या संकेतस्थळांवर ती भेटते तो गोठा. गोड बोलण्याच्या आधीच लिहून ठेवलेल्या संहिता म्हणजे चारा. पोसून जाड झाले की कापायचे. तळ्यातल्या माशांना पोसण्याची जी थट्टा होती, तिचा हा शेवट आहे. फरक एवढाच की येथे कोणी थट्टा करीत नाही. हे रूपक म्हणजे कामाची कार्यपद्धती आहे. आणि ते उपयोगी पडते, कारण पलीकडे एक विधवा शिक्षिका किंवा निवृत्त कारकून आहे असे सतत आठवत राहिले तर रोज सोळा तास हे काम कोणालाही जमणार नाही.

ते काम करणारेही अनेकदा कैदीच असतात. कंबोडिया, म्यानमार, लाओस येथील तटबंद वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेले तरुण डांबून ठेवलेले आढळले. त्यांत भारतीय होते, मराठी मुलेही होती. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक नागरिकांना म्यानमारच्या सीमेवरून थायलंडमार्गे परत आणले. संगणकाची नोकरी म्हणून गेलेल्या या मुलांना परक्या नावाने, परक्या छायाचित्रामागे बसून प्रेम करायला लावले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने आवाहन केले की, 'डुकराची कत्तल' हा शब्दप्रयोग सर्वांनी सोडून द्यावा आणि त्याऐवजी 'प्रेमाचे आमिष' म्हणावे. फसलेल्या माणसाला जनावर म्हटल्याने तो लाजतो, तक्रार करायला पुढे येत नाही, आणि गुन्हेगार मोकळा राहतो, असे कारण त्यांनी दिले. नावे नीट नसतील तर कारभारही नीट चालत नाही हे कन्फ्यूशियसच्या परंपरेने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले होते. पोलिसांना ते चौकशीच्या फाइलींतून कळले. चाणाक्ष वाचक म्हणतील की आमिष हाही गळाचाच शब्द, मासा तेथेही आहेच. खरे आहे. परंतु पहिल्या नावात फक्त जनावर दिसत होते. दुसऱ्यात जे केले गेले ते दिसते, आणि आमिष म्हटले की ते लावणारा हातही आठवतो.

गेल्या वर्षी याच प्रकारच्या फसवणुकीविषयी एक सावधगिरीची सूचना आम्ही या पानावर दिली होती. आलेल्या मजकुराच्या शीर्षकात 'बकरा' हा शब्द होता. आपल्या वृत्तपत्रांत तो सर्रास छापला जातो, आणि आम्हीही तो तसाच पुढे धाडला. सूचना दिवसभर तशीच दिसत होती. संध्याकाळी एका वयस्क वाचकांचा दूरध्वनी आला. त्यांनी स्वतःविषयी काही सांगितले नाही. केवळ शीर्षक बदलता येईल का, एवढेच विचारले. आम्ही ते बदलले.